ऑटोपायलट नेमके काय धरून ठेवतो?

आमच्या बोटीच्या ऑटोपायलटच्या, म्हणजे सुकाणू आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राच्या, पॅनेलवर सहा बटणे आहेत आणि त्यांपैकी एकाही बटणावर, ते दाबल्यानंतर यंत्र नेमकी कोणती गोष्ट स्थिर धरून ठेवणार आहे, हे लिहिलेले नाही. ‘ऑटो’, ‘स्टँडबाय’ आणि एक व दहा अंशांची अधिक-उणे अशी चार, एवढेच. ऑटो आणि स्टँडबाय एकदम दाबले की तिसराच प्रकार सुरू होतो आणि दहा अंशांची दोन्ही बटणे एकदम दाबली की चौथा. मुंबई बंदरात आणि अलिबागच्या किनाऱ्यावर बोटींवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करतो आहे. तरीही या शब्दांचा अर्थ मला किती कळला आहे याची परीक्षा झाली ती आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलेल्या ३२ फुटी, जुन्या शिडाच्या बोटीवर, आणि परीक्षक होते आमच्याबरोबर हौसेने येणारे एक निवृत्त तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. आम्ही त्यांना काका म्हणतो. चाळीस वर्षे त्यांनी ट्रॉलर हाकला, पण सुकाणू यंत्राच्या हाती देण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

पहिला प्रश्न गेटवेहून मांडव्याला जातानाच आला. ओहोटी चांगली लागली होती. मी नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, मांडव्याच्या रोखाने आणली, ‘ऑटो’ दाबले, पडद्यावर १६० हा आकडा स्थिर झाला आणि मी चहाचा कप हातात घेतला. अर्ध्या तासाने काका म्हणाले, “आटो लावलाय ना? मग मांडवा डावीकडं का सरकतोय?” मी म्हणालो की यंत्र बरोबर चालले आहे, आकडा बघा, १६० चा १६० आहे. त्यावर काकांनी जे उत्तर दिले ते मी नंतर अनेक ग्राहकांना ऐकवले आहे: “नाळ जिथं होती तिथंच आहे रे, बोट कुठाय ते बघ.”

पायलटच्या परिभाषेतील सर्वांत महत्त्वाची फोड याच वाक्यात आहे. नाळ ज्या दिशेला तोंड करून असते तिला ‘हेडिंग’ म्हणतात, आणि बोट समुद्राच्या तळाच्या संदर्भात प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकते तिला ‘कोर्स ओव्हर ग्राउंड’, म्हणजे बोलण्यात ‘सीओजी’. पाणी स्थिर असेल आणि वारा बोटीला बाजूला ढकलत नसेल तर हे दोन्ही आकडे एकच असतात. म्हणूनच तलावात शिकलेल्या माणसाला त्यांच्यातला फरक बरीच वर्षे कळत नाही. मुंबई बंदरात मात्र ओहोटीचे पाणी नैर्ऋत्येकडे ओढते आणि उधाणाच्या दिवसांत त्याचा जोर मोठा असतो. उदाहरणादाखल, पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल, वेगाने चाललेल्या बोटीला दोन नॉटचा प्रवाह अगदी आडवा लागला, तर तिची प्रत्यक्ष वाट नाळेच्या दिशेपासून सुमारे २२ अंशांनी वाकते आणि तासाभरात ती दोन सागरी मैल बाजूला गेलेली असते. हे सगळे घडत असताना ‘ऑटो’वर ठेवलेला पायलट पूर्ण समाधानी असतो, कारण त्याला फक्त हेडिंग धरायला सांगितलेले असते आणि ते त्याने धरलेले असते.

येथे एक गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की तो दूर केल्याशिवाय मी हल्ली कुठल्याही बोटीवरून उतरत नाही. जीपीएसला नाळ कुठे आहे हे ठाऊक नसते. एक अँटेना असलेला जीपीएस एका जागेनंतर दुसरी जागा नोंदवतो आणि त्यांवरून सीओजी काढतो. बोट नांगरावर असेल तर त्याच्या पडद्यावरची दिशा वेड्यासारखी गरगरते ती यामुळेच. हेडिंग हवे असेल तर होकायंत्र लागते, किंवा एकमेकांपासून ठरावीक अंतरावर दोन-तीन अँटेना असलेले उपग्रह होकायंत्र लागते. “जीपीएस नवा आहे, मग पायलट असा का वागतो?” हा प्रश्न मी ऐकतो तेव्हा मला बहुधा उत्तर जीपीएसमध्ये नव्हे, तर बंकखालच्या, म्हणजे झोपायच्या फळीखालच्या, कप्प्यात सापडते. त्या कप्प्याकडे मी येणारच आहे.

तळाच्या संदर्भातली वाट धरायची असेल तर ‘ट्रॅक’ हा प्रकार वापरायचा. नकाशावर एक ‘वेपॉइंट’, म्हणजे गाठायचा बिंदू, ठरवायचा. निघालो ती जागा आणि तो वेपॉइंट यांना जोडणारी रेघ म्हणजे ट्रॅक, आणि त्या रेघेपासून बोट आडवी किती सरकली आहे ते अंतर म्हणजे ‘क्रॉस ट्रॅक एरर’. ट्रॅकवर ठेवलेला पायलट हे आडवे अंतर शून्यावर आणण्यासाठी नाळ प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला वळवून ठेवतो आणि बोट खेकड्यासारखी तिरपी चालते. ‘बेअरिंग’ हा शब्द याच टोळीतला, पण वेगळा: वेपॉइंट आत्ता बोटीपासून कोणत्या दिशेला आहे, एवढेच तो सांगतो. मांडवा डावीकडे सरकतो आहे असे काका म्हणाले तेव्हा त्यांनी डोळ्यांनी बेअरिंगच मोजले होते.

‘एरर’ या शब्दाला मराठीत ‘चूक’ म्हणण्याची सवय आपल्याला आहे आणि ती येथे नडते. क्रॉस ट्रॅक एरर ही कोणाची चूक नसते. ते केवळ एक अंतर असते. त्यातही खरा घोळ पुढच्या एका अक्षराचा आहे. उपकरणे एकमेकांशी एनएमईए ०१८३ या पद्धतीने बोलतात. या पद्धतीत प्रत्येक संदेशाला ‘सेंटेन्स’, म्हणजे चक्क वाक्य म्हणतात, आणि ते डॉलरच्या चिन्हाने सुरू होऊन स्वल्पविरामांनी तोडलेले असते. पायलटला जाणाऱ्या वाक्यात आडव्या अंतराच्या आकड्यानंतर ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर येते. या ‘एल’चा अर्थ ‘तुम्ही डावीकडे गेला आहात’ असा नसून ‘डावीकडे वळा’ असा आहे. बोट रेघेच्या उजवीकडे असते तेव्हा तो येतो. बोटीवर मोजमापे घेताना मी स्वतः हे अक्षर एकदा उलटे वाचले आणि ठणठणीत असलेल्या पायलटच्या तारा दीड तास उचकटत बसलो.

मोठ्या जहाजांच्या नियमांमध्ये ही फोड अधिकृतपणे केलेली आहे आणि मला ती फार आवडते. समुद्रातील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सोलासच्या, पाचव्या प्रकरणात ‘हेडिंग कंट्रोल सिस्टिम’ आणि ‘ट्रॅक कंट्रोल सिस्टिम’ असे शब्द आहेत, आणि १०,००० ग्रॉस टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावर या दोहोंपैकी एक असावी लागते. काय धरून ठेवायचे ते नावातच आले. याउलट ‘ऑटोपायलट’ हे नाव ऐकले की माणसाला वाटते, पायलट आहे म्हणजे त्याला रस्ता ठाऊक असणार. आमच्याकडे तर पायलट म्हणजे बंदराच्या तोंडाशी शिडीवरून जहाजावर चढणारा, इथल्या पाण्याची खडान्खडा माहिती असलेला माणूस. त्याचे नाव या पेटीला देणे ही थोडी फसवणूकच आहे.

आता तो कप्पा. होकायंत्राची सुई वाचणारा डोळा पायलटला नसतो, म्हणून त्याला ‘फ्लक्सगेट’ नावाचे होकायंत्र देतात. त्यात सुई नसते. गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांमधून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा विजेच्या रूपात मोजली जाते. ते बोटीच्या मध्याजवळ, खालच्या बाजूला आणि लोखंडापासून दूर बसवायचे असते. आमच्या बोटीवर ते डाव्या बंकखाली मी स्वतः बसवले होते आणि जागा उत्तम होती. गोव्याला जाताना दुसऱ्या दिवशी सकाळपासून पायलट सांगितलेल्या दिशेपेक्षा चांगलाच बाहेर चालू लागला. चाकापुढचे साधे होकायंत्र एक सांगत होते आणि पडदा दुसरे, फरक १४ अंशांचा. मी जोडण्या तपासल्या, बॅटरीचा दाब तपासला, पायलट बंद करून पुन्हा सुरू केला. शेवटी काकांनी विचारले, “तुझं ते होकायंत्र कुठं ठेवलंयस?” बंकखालचे झाकण उचलले तर फ्लक्सगेटपासून वीतभर अंतरावर, स्वच्छ धुऊन, फडक्यात गुंडाळून, भाकरीचा लोखंडी तवा उभा करून ठेवलेला होता. ठेवणाऱ्याने तो तिथे ठेवला, कारण बोट कलंडली तरी तिथे तो वाजत नव्हता.

तव्यामुळे झालेल्या या फरकाचे नाव ‘डेव्हिएशन’. बोटीवरचे लोखंड, स्पीकरमधले चुंबक, जाड तारांतून वाहणारी वीज यांमुळे होकायंत्र जेवढे चुकते तेवढे डेव्हिएशन, आणि ते नाळेच्या प्रत्येक दिशेला वेगळे असते. ‘व्हेरिएशन’ ही निराळी गोष्ट आहे: पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नसल्यामुळे त्या त्या ठिकाणी पडणारा कोन, ज्याला मराठीत ‘दिक्पात’ असा जुना आणि नेमका शब्द आहे. मुंबईच्या परिसरात दिक्पात इतका थोडा आहे की तो विसरला तरी काही बिघडत नाही, आणि त्यामुळेच आपल्याकडच्या लोकांना तो विसरायची सवय लागते. आमच्या किनाऱ्यावर शिकलेला माणूस दूरच्या समुद्रात गेला की पडद्यावरच्या आकड्यापुढे ‘एम’ आहे की ‘टी’, म्हणजे चुंबकीय उत्तर धरली आहे की खरी, याकडे त्याचे लक्षच जात नाही. डेव्हिएशनचा तक्ता पायलटकडून भरून घेण्यासाठी शांत पाण्यात बोट अगदी सावकाश, एका फेरीला दोन-तीन मिनिटे लागतील अशी गोल फिरवावी लागते. याला ‘कंपास स्विंग’ म्हणतात. तवा हलवल्यावर आम्ही जयगडच्या खाडीत तशा फेऱ्या घातल्या, तेव्हा किनाऱ्यावरून दोघेजण ओरडून काही मदत हवी का असे विचारत होते.

ज्यांना ‘सेटिंग’ म्हणतात त्या शब्दांकडे वळतो. यांत मला सर्वांत जास्त रस आहे, कारण हे शब्द यंत्राचे वाटतात पण मुळात माणसाच्या हातांचे आहेत. १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या अभियंत्याने आपोआप चालणाऱ्या जहाजांच्या दिशेच्या स्थैर्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. कसबी सुकाणी चाक कसे फिरवतो हे त्याने बारकाईने लक्षात घेतले होते. असा सुकाणी आत्ता बोट किती चुकली आहे एवढेच पाहत नाही. ती किती झपाट्याने वळते आहे हेही पाहतो, आणि बराच वेळ एकाच बाजूला ओढत असेल तर तेही ध्यानात ठेवतो. या तिन्ही गोष्टी मिनॉर्स्कीने गणितात मांडल्या आणि त्याच्या यंत्राच्या चाचण्या ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवर झाल्या. आज कारखान्यांतील भट्ट्यांपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे वापरले जाणारे पीआयडी नियंत्रण ते हेच. आमच्या पॅनेलवर त्याच तीन गोष्टी ‘रडर गेन’, ‘काउंटर रडर’ आणि ‘ऑटो ट्रिम’ अशी नावे घेऊन बसल्या आहेत.

रडर गेन म्हणजे नाळ अमुक अंश चुकली तर सुकाणू किती अंश द्यायचे त्याचे प्रमाण. ते जास्त ठेवले की बोट एकदा इकडे आणि एकदा तिकडे जाते. मागे वळून पाहिले तर पाण्यावरची फेसाची रेघ नागमोडी दिसते आणि बॅटरी उगाच खर्च होते. ते कमी ठेवले की बोट आळसावते, चुकीची बरीच वाट चालून मग सावकाश परत येते. काउंटर रडर समजावून सांगताना मी नेहमी अडखळत असे. वळण पूर्ण होण्याआधीच सुकाणू उलट बाजूला द्यायचे, म्हणजे बोट ठरल्या दिशेच्या पलीकडे जात नाही, हे वाक्य बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. काकांना मी ते सांगू लागलो तेव्हा त्यांनी अर्ध्यातच चाक हातात घेतले, बोट उजवीकडे वळवली आणि नाळ दिशेवर येण्याच्या जरा आधी चाक उलट देऊन तिला अलगद थांबवले. “हे ना? आपण त्याला बोट झेलणं म्हणतो.” तेव्हापासून मी काउंटर रडर म्हणजे ‘झेल’ असेच सांगतो आणि तो लगेच कळतो. जड, लांब ट्रॉलरला झेल जास्त लागतो. आमच्यासारख्या हलक्या बोटीला थोडा पुरतो.

ऑटो ट्रिम म्हणजे तिसरी गोष्ट, सतत एका बाजूला लागणाऱ्या ओढीची आठवण. वारा वाढला की शिडाची बोट आपणहून वाऱ्यात तोंड घालू पाहते आणि सरळ जाण्यासाठीसुद्धा सुकाणू थोडे वळवून धरावे लागते. ऑटो ट्रिम ते वळण हळूहळू शिकून कायम ठेवते. माझे स्पष्ट मत असे आहे की ऑटो ट्रिम फार काम करू लागले तर पायलटला शाबासकी देण्यापेक्षा मोठे शीड थोडे कमी करावे. ‘डेडबँड’ म्हणजे ज्या लहान चुकीकडे पायलटने मुद्दाम काणाडोळा करायचा तो पट्टा. लाटा उंच असतील तर तो रुंद ठेवायचा, म्हणजे प्रत्येक लाटेमागे मोटर धावत नाही.

राहिलेला प्रकार म्हणजे वाऱ्याचा. यात पायलट हेडिंगही धरत नाही आणि वाटही धरत नाही. डोलकाठीच्या टोकावरचा वातदर्शक पाहून वारा आणि नाळ यांमधला कोन धरतो. शिडाच्या बोटीला हे फार सोयीचे असते, कारण शिडे एकदा लावली की ती त्या कोनासाठी बरोबर बसलेली राहतात. पण कोकणच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे वायव्येकडून येतात आणि रात्र चढली की जमिनीकडून मतलई सुटते. श्रीवर्धनच्या बाहेर आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो, वारा मागून उजव्या बाजूने, पायलट वाऱ्याच्या कोनावर. रात्री वारा उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे सरकत गेला, तसतशी बोटही तितक्याच इमानाने फिरत गेली. शिडे फडफडली नाहीत, बोट कलंडली नाही, झोप मोडावी असे काहीच घडले नाही, आणि वारा बदलल्याचा गजर मीच आवाजाला कंटाळून बंद केला होता. पहाऱ्यावरचा मित्र, जो जागा होता असे तो आजही सांगतो, त्याला ध्रुवतारा उजव्या खांद्यावर दिसला तेव्हा आमची नाळ सरळ पश्चिमेला, अरबस्तानाकडे होती. पायलटच्या दृष्टीने सारे आलबेल होते.

यंत्राच्या दृष्टीने सारे आलबेल असणे किती महाग पडू शकते याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजाचे आहे. जून १९९५ मध्ये ते बर्म्युडाहून बोस्टनला निघाले आणि निघाल्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या जीपीएस अँटेनाची केबल निसटली. जीपीएस बंद पडला नाही. तो ‘डेड रेकनिंग’वर गेला, म्हणजे शेवटची ठाऊक असलेली जागा, जहाजाचा वेग आणि होकायंत्राची दिशा यांवरून पुढची जागा अंदाजाने काढू लागला. वारा आणि प्रवाह जहाजाला पश्चिमेकडे ढकलत होते, ते या हिशेबात येणार कुठून? पडद्याच्या कोपऱ्यात ‘डीआर’ ही दोन बारीक अक्षरे उमटली होती. जीपीएस पाठवत असलेल्या वाक्यांत माहिती विश्वासार्ह नसल्याची खूणही होती, पण ती वाचण्याची व्यवस्था त्या जहाजाच्या पायलटमध्ये नव्हती. सुमारे ३४ तास पायलटने क्रॉस ट्रॅक एरर अगदी चोख शून्यावर ठेवला, फक्त ती रेघ खऱ्या समुद्रावर नव्हती. जहाज नँटुकेटजवळच्या उथळ पाण्यात रुतले तेव्हा ते ठरलेल्या वाटेपासून सुमारे १७ मैल दूर होते आणि त्यावर दीड हजारांहून अधिक माणसे होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. तेव्हापासून मी बोट ताब्यात देण्यापूर्वी मालकासमोर अँटेनाची केबल काढतो आणि पडद्यावर काय बदलले ते त्यालाच शोधून दाखवायला सांगतो. बहुतेकांना ते पहिल्यांदा दिसत नाही.

‘स्टँडबाय’विषयी मला शेवटी लिहायचे होते, कारण तो शब्द मला आवडत नाही. रडारवर स्टँडबाय म्हणजे यंत्र तापून तयार आहे. आपल्या रोजच्या मराठीत स्टँडबाय म्हणजे गरज पडली तर धावून येणारा दुसरा माणूस किंवा दुसरा पंप. पायलटवर मात्र स्टँडबाय म्हणजे पायलटने सुकाणू सोडले आहे आणि आता ते तुमच्याकडे आहे. आमच्याबरोबर आलेल्या एका पाहुण्याने, यंत्र तयारीत असू द्यावे अशा चांगल्या हेतूने, स्टँडबाय दाबले आणि तो फोटो काढायला पुढे गेला. मिनिटभरात बोट वाऱ्यात वळली आणि शिडाच्या तळाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, त्याच्या डोक्यावरून गेला. तो वाकलेला होता म्हणून बरे. सुकाणू नेमके कोणाकडे आहे याचा घोळ मोठ्या जहाजांवरही होतो. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सेव्हन स्टोन्स खडकांवर चढले. त्याची कारणे अनेक होती, पण शेवटच्या क्षणी चाक फिरवूनही जहाज वळेना, कारण सुकाणूचा प्रकार निवडण्याचा दांडा भलत्याच स्थितीत होता.

पाहुण्याच्या त्या प्रसंगानंतर मी पॅनेलवर चिकटपट्ट्या लावल्या. मराठी शब्द शोधताना परक्या शब्दांची फार लाज वाटण्याचे कारण नव्हते. ‘सुकाणू’ अरबीतून आलेला आहे आणि ‘नाखवा’ फारसीतून, आणि दोन्ही आता कोणालाही परके वाटत नाहीत. ‘ऑटो’खाली मी ‘नाळ धरली’ असे लिहिले, वाऱ्याच्या प्रकाराला ‘वारा धरला’, ट्रॅकला ‘वाट धरली’. स्टँडबायखाली ‘सुकाणू तुझ्या हातात’ असे ठळक अक्षरांत आहे. क्रॉस ट्रॅक एररपाशी अडलो होतो. ‘पार्श्विक विचलन’ असे काहीतरी लिहून झाले होते आणि ते काकांनी वाचले. “हे कोण म्हणतं?” त्यांनी विचारले, माझ्या हातातले पेन घेतले आणि पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: ‘आडवं किती गेलो’. पट्टी उलटी करून लावली आहे. खाऱ्या हवेने तिचा एक कोपरा सुटू लागला आहे, पण अक्षर अजून वाचता येते.